गोड्या पाण्यातली जहाजे: वर काढावी की राहू द्यावी?



बुडालेले जहाज म्हटले की मनात समुद्र येतो. टायटॅनिक येते, कोकणातल्या घरांमध्ये १९४७ च्या ‘रामदास’ बोटीची आठवण अजून निघते. आज मात्र आपल्याला समुद्राकडे जायचेच नाही. जायचे आहे उत्तर अमेरिकेतल्या पाच गोड्या सरोवरांकडे: सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ओंटारिओ. तिथे तळाशी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बुडालेली लाकडी जहाजे आहेत, आणि त्यातल्या काहींच्या डोलकाठ्यासुद्धा अजून उभ्या आहेत. या जहाजांचे काय करायचे, हा तिथे गेली साठेक वर्षे वादाचा विषय आहे. वर काढावी, की जिथे आहेत तिथे राहू द्यावी?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने या भानगडीत कशाला पडायचं, असं कुणी विचारेल. वरवर हा प्रश्न पैशाचा आणि यंत्रांचा दिसतो, पण त्याच्या पोटात आमच्या विषयातला एक जुना प्रश्न आहे. एखादी वस्तू ‘जपली’ असे आपण कधी म्हणतो? तिचे लाकूड शाबूत राहिले म्हणजे? ती चार लोकांना पाहता आली म्हणजे? की ती होती तशी, होती तिथे राहिली म्हणजे? वर्गात आम्ही हे सगळे ग्रीकांच्या एका जहाजावरून शिकवत आलो. त्या जहाजाकडे नंतर येऊ. आधी खरी जहाजे बघू.

‘सरोवर’ या शब्दाने आपली थोडी फसगत होते. आपल्याला रंकाळा आठवतो, फार तर कोयनेचा जलाशय. या पाच सरोवरांचे क्षेत्रफळ मिळून महाराष्ट्राच्या पाऊणपटीहून जास्त आहे. जगातले जमिनीवरचे जेवढे गोडे पाणी द्रवरूपात आहे त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एवढ्यात मावतो. सुपीरियरची जास्तीत जास्त खोली चारशे मीटरच्या वर आहे. मध्यावर उभे राहिले तर कुठलाच किनारा दिसत नाही.

१८२५ साली ईरी कालवा खुला झाला आणि न्यूयॉर्कचे बंदर या सरोवरांना जोडले गेले. मग गहू, लाकूड, कोळसा, लोखंडाची माती, माणसे, सगळे पाण्यावरून जाऊ लागले. १८७१ च्या आगीत शिकागो जळाले आणि पुन्हा उभे राहिले, ते मोठ्या प्रमाणात सरोवरांवरून आलेल्या लाकडावर. स्कूनर नावाची दोन-तीन डोलकाठ्यांची शिडाची जहाजे इथली बैलगाडी होती म्हणा ना. माणसे थोडी, माल भरपूर. ही वाहतूक इतकी दाट होती की बुडालेल्या जहाजांचा एक नेहमी सांगितला जाणारा अंदाज सहा हजारांचा आणि त्यांत गेलेल्या माणसांचा तीस हजारांचा आहे. कुणी कमी सांगतात, कुणी जास्त.

सरोवरातले वादळ समुद्रापेक्षा सोपे असेल असे वाटते, पण तसे नाही. समुद्रावर वादळ आले तर कप्तान जहाज वाऱ्याबरोबर सोडून देऊ शकतो, पुढे शेकडो मैल मोकळे पाणी असते. इथे चारी बाजूंनी किनारा. लाटाही आखूड आणि उभ्या, एकीवरून जहाज सावरते न सावरते तोच दुसरी. त्यात नोव्हेंबर महिना वाईट. हंगाम संपायच्या आधी एक शेवटची खेप मारून घ्यावी हा मोह, आणि नेमका तेव्हाच वारा फिरतो. नोव्हेंबर १९१३ च्या एका वादळात बारा जहाजे बुडाली आणि अडीचशेहून जास्त माणसे गेली.

आता ही जहाजे टिकली कशी, ते बघू. समुद्रात लाकडाचा खरा शत्रू म्हणजे टेरेडो नावाचा जीव. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. तो लाकडात बोगदे करत जातो आणि काही वर्षांत तुळईची चाळण करून ठेवतो. आपल्या कोळीवाड्यांत होडीच्या बुडाला माशाचे तेल आणि चुन्याचा लेप देत, तो याच्याचसाठी. या किड्याला मीठ लागते. गोड्या पाण्यात तो जगत नाही. म्हणून भूमध्य समुद्रातल्या जुन्या जहाजाचे बहुधा वाळूखाली गाडलेले बूडच हाती लागते, वरचे सगळे खाल्लेले असते. आणि ह्यूरनच्या तळाशी मात्र डेक, सुकाणूचे चाक, डोलकाठ्या जागच्या जागी असतात.

दुसरे कारण थंडी. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे खोल सरोवराच्या तळाशी उन्हाळ्यातही साधारण तेवढेच थंड पाणी बसून राहते. अशा थंडीत सडण्याची क्रिया अतिशय मंद चालते. आणि खूप खाली उजेड नाही, लाटांचा हिसकाही पोहोचत नाही. ‘राउझ सिमन्स’ नावाची स्कूनर नोव्हेंबर १९१२ मध्ये नाताळची झाडे भरून शिकागोकडे निघाली होती. हर्मन शूनमन हा तिचा कप्तान दरवर्षी झाडे आणून थेट जहाजावरूनच विकायचा. ती पोहोचलीच नाही. १९२४ साली एका कोळ्याच्या जाळ्यात त्या कप्तानाचे पाकीट आले, मेणकापडात गुंडाळलेले, आतले कागद शाबूत. आणि १९७१ साली विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याजवळ जहाज सापडले तेव्हा त्याच्या पोटात ती झाडे अजून रचलेली होती. शूनमनच्या बायको-मुलींनी तो गेल्यावरही झाडे विकण्याचा धंदा पुढे चालू ठेवला, हेही सांगून ठेवतो. अशा गोष्टींत घरी राहिलेल्यांचे पुढे काय झाले ते कुणी सांगत नाही.

ज्या जहाजामुळे आम्हाला आजचा विषय घ्यावासा वाटला ते ‘आयर्नटन’. एकशे एक्याण्णव फुटी, तीन डोलकाठ्यांचे. २६ सप्टेंबर १८९४ ची मध्यरात्र, ह्यूरन सरोवर. एक आगबोट ‘आयर्नटन’ आणि ‘मूनलाइट’ अशी दोन रिकामी जहाजे दोराने ओढून नेत होती. आगबोटीचे इंजिन बंद पडले. वारा मागून, त्यामुळे मागची जहाजे पुढच्यावर आदळणार असे दिसू लागले. ‘मूनलाइट’च्या लोकांनी ‘आयर्नटन’चा दोर तोडला, ‘आयर्नटन’च्या लोकांनी शिडे चढवायला घेतली, पण अंधारात जहाज ताब्यात येईना. ते भरकटत गेले आणि समोरून येणाऱ्या ‘ओहायो’ या आगबोटीवर आदळले. ‘ओहायो’ लवकर बुडाली, पण तिच्यावरची सगळी माणसे वाचली. ‘आयर्नटन’ तासभर तरंगत राहिले. त्यावरचे सात जण जीवरक्षक होडीत उतरले. म्हणजे सुटलेच की! पण होडी जहाजाला बांधलेली होती. तो दोर सोडायचा राहिला, की घाईत सुटला नाही, ते काही असो. जहाज खाली गेले आणि जाताना होडीला घेऊन गेले. कप्तान पीटर जेरार्ड धरून पाच जण मेले. दोघे पाण्यावर काहीतरी धरून तरंगले आणि वाचले, म्हणून आपल्याला हे कळले.

हे त्या दोघांनी सांगितलेले. वर्तमानपत्रांत छापून आलेले. सव्वाशे वर्षे त्याला दुसरा आधार नव्हता. २०१९ साली थंडर बे अभयारण्याच्या संशोधकांना – हे अभयारण्य जनावरांचे नाही, बुडालेल्या जहाजांचे आहे, मिशिगन राज्यातल्या अल्पीना गावाजवळ – सोनारवर ‘आयर्नटन’ दिसले. ध्वनिलहरी तळाकडे सोडायच्या, परत येतात त्यावरून आकार ओळखायचा, ते सोनार. पुढे कॅमेरे खाली पाठवले. जहाज ताठ बसलेले, तिन्ही डोलकाठ्या उभ्या. आणि मागे ती होडी, अजून दोराने जहाजाला बांधलेली. २०२३ साली ही बातमी जाहीर झाली.

आता इथे थांबू या जरा. समजा आपण ती होडी वर काढली. उत्तम संग्रहालयात ठेवली. शेजारी काचेच्या पेटीत दोर ठेवला आणि पाटी लावली. काय दिसेल? एक जुनी होडी आणि एक जुना दोर. अशा होड्या आणि असे दोर पुष्कळ आहेत. तळाशी आज जे आहे ते होडीपेक्षा आणि दोरापेक्षा वेगळे काहीतरी आहे. ती गाठ आहे. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी याला नेमका शब्द दिलेला आहे: संयोग. दोन द्रव्ये एकमेकांना लागून असतात तेव्हा त्यांच्यात संयोग नावाचा गुण असतो, तो एकट्याचा नसतो, दोघांत मिळून राहतो. आणि त्याचा नाश कशाने होतो? विभागाने. दोन्ही द्रव्ये पूर्णपणे शाबूत राहूनही संयोग नाहीसा होऊ शकतो. विद्यार्थ्यांना हे फार कोरडे वाटायचे. घट आणि भूतल, बोट आणि पुस्तक, अशी उदाहरणे द्यायचो आम्ही. ‘आयर्नटन’ त्या वेळी सापडलेले नव्हते.

त्या दोन खलाशांनी जे सांगितले त्याचा पुरावा या संयोगात आहे. होडी सोडवून वर आणली की पुराव्याचे दोन्ही तुकडे आपल्या हातात येतील आणि पुरावा जाईल.

पण हा झाला आमचा युक्तिवाद. सगळे जहाजच एकदम उचलले तर? गाठीसकट? तर मग संयोग कुठे तुटतो? बरोबर आहे. हे करून पाहिलेले आहे, त्याची कथा आता सांगतो.

मिशिगन सरोवराला ग्रीन बे नावाचा एक लांबट आखात आहे. १९६७ साली तिथे एका कोळ्याचे जाळे तळाशी कशात तरी अडकले. ते सोडवायला फ्रँक हॉफमन हा पाणबुड्या उतरला आणि त्याला सुमारे शंभर फुटांखाली एक अख्खी स्कूनर उभी दिसली. नाव माहीत नाही, म्हणून लोक तिला ‘गूढ जहाज’ म्हणू लागले. पुढे ओळख पटली: ‘अल्विन क्लार्क’, १८४० च्या दशकात बांधलेली, १८६४ च्या जूनमध्ये वाऱ्याच्या एका झोताने उलटलेली. पाचांपैकी तीन माणसे गेली होती. हॉफमन आणि त्याच्या सोबत्यांनी दोन वर्षे खपून तिच्या बुडाखालून बोगदे खणले, त्यातून तारदोर ओवले आणि १९६९ च्या जुलैत जहाज वर उचलले. आतले पाणी पंपाने काढले. आणि ती स्कूनर आपल्याच लाकडावर तरंगली! एकशे पाच वर्षांनी. बंदरावर लोकांची गर्दी. शिडाच्या व्यापारी जहाजाचा एवढा पूर्ण नमुना त्या देशात दुसरीकडे नव्हता, असे तेव्हाचे जाणकार म्हणत.

मिनॉमिनी या गावी ती ठेवली, तिकीट लावले. आणि ती मरायला लागली.

का, ते समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशी आतून हळूहळू पोखरल्या जातात. सेल्युलोज जाते, लिग्निनची एक नाजूक चौकट उरते, आणि जिथे पूर्वी लाकूड होते तिथे पाणी भरलेले असते. म्हणजे बाहेरून घट्ट दिसणारी तुळई पुष्कळशी पाण्यानेच उभी असते. पाणी वाळताना पेशींच्या भिंती आत ओढत जाते. लाकूड आक्रसते, फाटते, वाकते. वर पुन्हा उजेड, ऊब, बुरशी. यावर उपाय तेव्हा माहीत नव्हता असेही नाही. स्वीडनमध्ये १६२८ साली बुडालेले ‘वासा’ हे युद्धनौकेचे धूड १९६१ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरातून काढले होते. त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचे मेणासारखे द्रव्य सतरा वर्षे फवारत होते, म्हणजे पाण्याच्या जागी ते मुरावे. पण ‘वासा’च्या मागे एक राष्ट्र उभे होते. हॉफमनच्या मागे तिकीटविक्री होती. त्याने स्वतःचा पैसा घातला, सरकारदरबारी खेटे घातले, कुणाला ते जहाज नको होते. इतके मोठे घोंगडे गळ्यात कोण घेणार? वर्षामागून वर्षे ती उन्हा-बर्फात उभी राहिली, आणि १९९४ साली तिचे राहिलेले सामान बुलडोझरने मोडून टाकले. पाण्याखाली एकशे पाच वर्षे, आणि वर पंचवीस.

आता ग्रीकांचे जहाज. प्लूटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले होते. फळी कुजली की ते नवी घालत. असे करता करता सगळ्या फळ्या नव्या झाल्या. मग ते तेच जहाज का? मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी साधारण याच दिशेचा प्रश्न टाकला: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? नागसेनाचे म्हणणे असे की या सगळ्यांवर आपण व्यवहारासाठी ‘रथ’ हे नाव ठेवतो, वेगळा रथ काही नाही. नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, खरोखर असते. या वादात शतके गेली. पण दोन्ही पक्षांनी ‘अल्विन क्लार्क’सारखे उदाहरण विचारात घेतलेले आम्हाला आढळले नाही: जिची एकही फळी बदललेली नाही, सगळ्या मूळच्या, सगळ्या जागच्या जागी, आणि तरी ती टिकत नाही. कारण तिला धरून ठेवणारे एक अंग आपण मोजलेच नव्हते. ते पाणी होते. थंड, गोडे, काळोखातले पाणी हा त्या जहाजाचा शंभर वर्षांत एक अवयव झाला होता. जहाज वर आणले असे आपण म्हणतो. वास्तविक आणला त्याचा एक भाग.

मुद्दा ताणतो आहोत असे वाटत असेल तर इटलीचे एक उदाहरण चटकन देतो. रोमजवळ नेमी नावाचे छोटे सरोवर आहे. कॅलिगुला बादशहाची दोन प्रचंड जहाजे तिथे तळाशी होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सरोवराचे पाणीच उपसायला घेतले आणि दोन्ही जहाजे मोकळी केली. त्यांच्यासाठी संग्रहालय बांधले. १९४४ च्या मे महिन्यात, युद्धाच्या धामधुमीत, ती तिथेच जळून खाक झाली. जवळजवळ एकोणीसशे वर्षे पाण्यात, आणि बाहेर वीसही नाहीत.

तर मग न्याय झाला का? राहू द्या, हेच उत्तर? इतके सोपे नाही.

पहिली अडचण अशी की ‘राहू द्या’ म्हणजे कुणासाठी? पाणबुड्यांचा छंद वाढला तसे लोक खाली जाऊन चाके, घंटा, ताटवाट्या काढून आणू लागले. त्यांना चोर म्हणणे सरसकट बरोबर नाही. पुष्कळांना खरेच वाटत होते की ही टाकून दिलेली वस्तू आहे. पण टाकून दिली म्हणजे काय? ‘लेडी एल्गिन’ ही आगबोट सप्टेंबर १८६० मध्ये एका स्कूनरशी टक्कर होऊन मिशिगन सरोवरात बुडाली. मिलवॉकीची आयरिश कुटुंबे बरीच होती तिच्यावर. सुमारे तीनशे माणसे गेली. १९८९ मध्ये एका पाणबुड्याला तिचे अवशेष सापडले, आणि वर्षानुवर्षे खटला चालला की हे कोणाचे. इलिनॉय राज्य म्हणे आमचे. पण बोटीचा विमा उतरवलेला होता, विमा कंपनीने भरपाई दिली म्हणजे मालकी तिच्याकडे गेली, आणि तिने ती सोडून दिल्याचे कुठे दिसत नव्हते. शेवटी निकाल त्या पाणबुड्याच्या बाजूने लागला. एवढ्या काळात कुणी पाहिले नाही म्हणून हक्क सुटला असे होत नाही, असा त्याचा अर्थ. आम्हाला तो निकाल कायद्याने ठीक वाटतो, पण त्या तीनशेंचे वंशज या मोजणीत कुठेच बसत नाहीत, हे खटकते. अमेरिकेत १९८७ चा एक केंद्रीय कायदा आहे, त्याने अशी सोडून दिलेली, तळात रुतलेली जहाजे त्या-त्या राज्यांच्या मालकीची ठरवली. त्यानंतर लूट कमी झाली.

दुसरी अडचण मोठी आहे, आणि ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली आहे. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला, समुद्रातली मोठी जहाजे थेट सरोवरांत येऊ लागली. रिकामे जहाज स्थिर राहावे म्हणून पोटात पाणी भरतात, आणि माल चढवताना ते सोडतात. युरोपातून आलेल्या अशा पाण्याबरोबर क्वागा नावाचे नखाएवढे शिंपले आले. ते मूळचे काळ्या समुद्राच्या बाजूच्या नद्यांचे. मालवण-गोव्याकडे खडकाला चिकटलेली शिनाणी तुम्ही पाहिली असतील, तशीच यांची रीत. बारीक तंतूंनी कुठल्याही कठीण वस्तूला चिकटतात. खोल आणि थंड पाणीही त्यांना चालते. मिशिगन, ह्यूरन, ओंटारिओचे तळ त्यांनी भरून टाकले. सुपीरियरच्या पाण्यात कॅल्शियम कमी, शंख-शिंपल्याला ते पुरत नाही, म्हणून ते सरोवर बरेचसे वाचले.

या शिंपल्यांनी दोन गोष्टी केल्या. ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे पाणी इतके स्वच्छ झाले की पूर्वी हाताच्या अंतरावर न दिसणारी जहाजे आता दुरून दिसतात. छायाचित्रे पाहून आपण थक्क होतो, त्यातली निम्मी करामत शिंपल्यांची. आणि तेच शिंपले त्या जहाजांवर थरावर थर चढवत आहेत. वजनाने डेक खचतात, त्यांच्याखाली लोखंडी खिळे-पट्ट्या लवकर गंजतात, खरवडून काढावे तर लाकडाचा पापुद्राही निघतो. जहाजांनी आणलेला हा जीव आता जहाजे मोडतो आहे.

ओंटारिओ सरोवरातल्या ‘हॅमिल्टन’ आणि ‘स्कर्ज’ची गोष्ट इथे येते. १८१२ ला सुरू झालेल्या ब्रिटन-अमेरिका युद्धात अमेरिकी आरमाराने दोन व्यापारी स्कूनरांवर तोफा चढवल्या. तोफांनी वरचा भार वाढला. ८ ऑगस्ट १८१३ च्या पहाटेआधी वाऱ्याचा एक तडाखा आला आणि दोन्ही काही मिनिटांत बुडाल्या. पन्नासहून जास्त माणसे गेली. नेड मायर्स नावाचा एक खलाशी वाचला, आणि तीस वर्षांनी त्याने आपली हकीकत कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरला सांगितली, म्हणून पुस्तक झाले. १९७३ मध्ये जहाजे सापडली, नव्वद मीटर खोल, ताठ उभी. ‘हॅमिल्टन’चे मूळ नाव ‘डायाना’. पुढच्या टोकावर त्या देवीची कोरीव मूर्ती तशीच. तोफा जागेवर, तलवारी आणि कुऱ्हाडी हाताशी लावलेल्या, आणि आसपास माणसांची हाडे. १९८० साली त्यांची मालकी अमेरिकी आरमाराकडून कॅनडातल्या हॅमिल्टन शहराकडे आली. वर काढण्याचा विचारही तेव्हा झाला होता, पण शहराने तो केला नाही. ही युद्धातली कबर आहे असे मानले. आता त्या डायानावरही शिंपले चढले आहेत.

(एक चिठ्ठी आली आहे. वाचतो: “मग राहू देणे म्हणजे शिंपल्यांच्या हवाली करणे नव्हे का? निदान मूर्ती तरी काढून घ्यावी.”)

प्रश्न रास्त आहे. आमचे मत सांगतो, पटेलच असे नाही. मूर्ती काढायला आमची तत्त्वतः हरकत नाही, जर तिला पंधरा-वीस वर्षे औषधपाणी करण्याची आणि पुढे कायम सांभाळण्याची सोय आधी हातात असेल. आधी. काढल्यावर बघू, हे ‘अल्विन क्लार्क’ने शिकवले. ‘वासा’च्या लाकडातही पुढे आम्ल तयार होत असल्याचे दिसले, बंदराच्या घाणीतले गंधक आणि जहाजाचे लोखंड मिळून, म्हणजे पैसा ओतूनही काम संपत नाही. अख्ख्या जहाजांसाठी मात्र आज एकच शहाणे काम दिसते: हजारो छायाचित्रे घेऊन, ती संगणकाने जुळवून, प्रत्येक खिळ्याची जागा कळेल अशी त्रिमिती प्रतिकृती करून ठेवणे. थंडर बेचे लोक, विस्कॉन्सिनचे लोक हेच करत आहेत, आणि शिंपल्यांशी शर्यत असल्यासारखे करत आहेत. प्रतिकृती म्हणजे जहाज नव्हे, मान्य. पण ‘आयर्नटन’ची गाठ तिच्यात राहील. लाकूड जाईल. ते जाणार, हे कबूल करूनच हा मार्ग धरायचा आहे.

(दुसरी चिठ्ठी: “एडमंड फिट्झेराल्डबद्दल बोला.”)

वाटच बघत होतो. गॉर्डन लाइटफूटच्या १९७६ च्या गाण्यामुळे हे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असणार. हे लाकडी जहाज नव्हे, पोलादी. सातशे एकोणतीस फूट लांब, लोखंडाच्या खनिजाच्या गोळ्या भरलेले. १० नोव्हेंबर १९७५ च्या संध्याकाळी सुपीरियर सरोवरात, मागून येणाऱ्या दुसऱ्या जहाजाशी बोलणे चालू असताना, काही मिनिटांत ते रडारवरून नाहीसे झाले. संकटाचा संदेशसुद्धा नाही. कप्तान अर्नेस्ट मॅकसोर्ली आणि त्याच्यासह सगळे एकोणतीस जण गेले. जहाज पाचशे तीस फुटांवर दोन तुकड्यांत पडलेले आहे. कशाने बुडाले यावर अजून एकमत नाही. आणि एकही देह हाती आला नाही. सुपीरियर आपले मेलेले परत देत नाही असे तिथले लोक म्हणतात, त्याला कारण आहे: इतक्या थंड पाण्यात देहात वायू धरत नाही, म्हणून तो वर येत नाही.

त्या एकोणतीस घरांकडे पुरायला काही नव्हते. त्यांनी मागणी केली की जहाजाची घंटा तेवढी वर आणा. ४ जुलै १९९५ ला ती आणली. दोनशे पौंडांच्या आसपासची काशाची घंटा, व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे. आणि खाली, तिच्या जागी, तशीच दुसरी घंटा बसवली, तिच्यावर एकोणतीस नावे कोरून. आता थीसियसवाल्यांनी सांगावे जहाजाची घंटा कोणती. आम्हाला विचाराल तर संयोग तोडला हे खरे, पण तोडण्याआधी ज्यांचा तो होता त्यांना विचारले, आणि मोकळी जागा तशीच सोडली नाही. दर १० नोव्हेंबरला वरची घंटा एकोणतीस वेळा वाजवतात, आणि तिसाव्यांदा सरोवरांत गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी. खालची अर्थात वाजत नाही. तिथे उतरायचे तर आता ओंटारिओ सरकारचा परवाना लागतो.

वेळ झाली आहे. आणखी चिठ्ठ्या असतील तर संयोजकांकडे द्या.